पायलटाचा परवाना कोणासाठी?

तीस-तीस वर्षे सातही समुद्र पालथे घातलेला, वादळांतून आणि दाट धुक्यांतून आपले जहाज सुखरूप पार केलेला कप्तान बंदराच्या तोंडाशी आला की वेग उतरवतो, वाऱ्याच्या आडोशाच्या कुशीवरून दोरशिडी सोडावयास सांगतो, आणि त्या शिडीने वर चढून आलेल्या, बहुधा पूर्वी कधीही न पाहिलेल्या एका गृहस्थाच्या सूचनांप्रमाणे जहाज चालवू लागतो. हा गृहस्थ म्हणजे बंदराचा पायलट. त्याला जहाजावर घ्यावयाचे की नाही, हा कप्तानाच्या मर्जीचा प्रश्न नसतो. १९०८ च्या भारतीय बंदर अधिनियमाने, ज्याची जागा आता २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे, ज्या बंदरांना तत्संबंधीचे कलम लागू केले होते तेथे २०० टन वा त्याहून अधिक मापाच्या जहाजाने पायलट किंवा हार्बरमास्टर यांच्यापैकी कोणी वर असल्याखेरीज आत येणे, बाहेर पडणे अथवा जागा बदलणे यांस मनाई केली होती. आणि जगातील बहुतेक दर्यावर्दी राष्ट्रांचे कायदे थोड्याफार फरकाने हेच सांगतात. तरीही जहाजाची हुकमत कप्तानाकडेच राहते. पनामा कालव्यासारखा अपवाद सोडला, तर पायलटाच्या सांगण्याने घडलेल्या हानीचा जाबही सामान्यतः जहाजाच्या मालकालाच द्यावा लागतो. ज्याच्या शब्दावाचून जहाज हलता कामा नये, परंतु ज्याच्या हाती जहाजाची अंतिम सत्ता नाही, असा हा विलक्षण हुद्दा आहे. त्याच्या पात्रतेचे नियम कसे असावेत हा प्रश्न म्हणूनच दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे.

या प्रश्नाचे उत्तर, पायलटाची सक्ती कोणाच्या रक्षणासाठी आहे, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. जहाज आणि त्यावरील माल सुरक्षित राहावा म्हणून, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु तेवढाच हेतू असता तर सक्तीचे प्रयोजन काय होते? जहाज ज्याचे आहे, माल ज्याचा आहे, विम्याचा हप्ता जो भरतो, त्याला स्वतःचे हित कळते. वाट न जाणणाऱ्या कप्तानाने आपण होऊनच वाटाड्या शोधला असता आणि त्याच्या ज्ञानाचे योग्य मोल दिले असते. कायद्याला मध्ये पडावे लागते ते जहाजावर नसलेल्या माणसांसाठी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या बाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली तेव्हा शेकडो टन तेल पाण्यात मिसळले, जहाजावरील पेट्या लाटांवर वाहू लागल्या, मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, आणि उरण-अलिबागच्या कोळ्यांची जाळी व खाडीकाठची कांदळवने काळ्या तवंगाखाली आली. त्या अपघाताचा दोष कोणाकडे जातो, हे मला येथे ठरवावयाचे नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की ज्यांचा त्या दोन्ही जहाजांशी कोणताही करार नव्हता, त्यांनाच त्याची सर्वांत जड किंमत मोजावी लागली. पायलट जहाजावर उभा असतो, पण तो किनाऱ्याचा प्रतिनिधी म्हणून; आणि त्याचा परवाना म्हणजे शासनाने जहाजमालकाला केलेली मेहेरबानी नसून किनाऱ्यावरील जनतेला दिलेला शब्द होय. हे एकदा मान्य केले, की परवाना कोणी द्यावा, कोणाला द्यावा, किती काळासाठी द्यावा, या प्रत्येक वादाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

मुंबईचेच पाणी घेऊ. कुलाब्याच्या दक्षिणेस प्रोंग्जचा खडकाळ पट्टा समुद्रात दूरवर गेलेला आहे, समोर थळच्या बाजूस उथळ जागा आहेत, आणि या दोहोंमधून, बुडालेल्या खडकांना डावलून, ईशान्येकडे बंदरात शिरावयाचे असते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील तफावत चार मीटरांहून अधिक होते, भांगाच्या दिवसांत ती पुष्कळ कमी. त्यामुळे जी वाट सकाळी मोठ्या जहाजाला मोकळी असते तीच दुपारी बंद होते. पावसाळ्यात पाताळगंगा व अंबा यांचे गढूळ पाणी धरमतरच्या खाडीतून ओहोटीला येऊन मिळते आणि तिचा ओघ आणखी जोर धरतो. तळ चिखलाचा असल्यामुळे गाळ सतत साचतो, तो सतत उपसावा लागतो, आणि छापील नकाशावरील खोली व आजची खोली यांत नेहमी थोडे अंतर पडलेले असते. त्यातच उथळ पाण्याचा स्वभाव असा की जहाज वेगाने जाऊ लागले म्हणजे त्याच्या बुडाखालचा प्रवाह शीघ्र होतो, दाब घटतो आणि जहाज आहे त्याहून खाली बसते. वेग दुप्पट केला तर हे बसणे सुमारे चौपट होते. अशा स्थितीत तीनशे मीटरांहून लांब, थांबावयास मैलभर पाणी लागणारे पेट्यांचे जहाज न्हावाशेव्याच्या धक्क्याला नेणे, किंवा १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून खुल्या झालेल्या आजच्या इंदिरा गोदीच्या ३०.५ मीटर रुंदीच्या दरवाज्यातून, आडवा वारा सांभाळीत, एखादे अवजड जहाज आत सरकवणे, या गोष्टी कोणत्याही विद्यालयात शिकवून येत नाहीत. कप्तानाच्या प्रमाणपत्राने समुद्र कळतो हे खरे. पण हे पाणी कळत नाही.

म्हणूनच आपल्या मोठ्या बंदरांच्या विनियमांत पायलटाची अर्हता दोन थरांची ठेवलेली आढळते. पहिला थर दर्यावर्दी विद्येचा: परदेशगामी जहाजाच्या कप्तानपदाचे प्रमाणपत्र, समुद्रावरील प्रत्यक्ष नोकरीचा अनुभव, दृष्टीची व शरीरप्रकृतीची तपासणी, आणि सद्वर्तनाचा व निर्व्यसनीपणाचा दाखला. दुसरा थर त्या एका बंदराचा: काही महिन्यांची उमेदवारी, त्या काळात अनुभवी पायलटांबरोबर केलेल्या फेऱ्या, आणि मग परीक्षा. या परीक्षेचे विषय वाचले म्हणजे ती किती विशिष्ट आहे हे ध्यानात येते. बंदरातील कोणत्याही दोन ठिकाणांमधील दिशा व अंतर, भरतीचे चढणे-उतरणे व तिच्या ओघाची दिशा, जागोजागच्या पाण्याची खोली व तळाचा प्रकार, नांगर टाकण्याच्या जागा, खडक व वाळूचे बांध, बोये, दीपगृहे व ओळखीच्या खुणा, आणि भरतीच्या ओघात जहाजाला त्याच्याच नांगराच्या साखळीत गुरफटू न देता वळवण्याची कला. अमेरिकेत पायलटाच्या परीक्षार्थीला आपल्या जलमार्गाचा नकाशा स्मरणाने रेखाटून दाखवावा लागतो. इतकी साधने हाताशी असता ही घोकंपट्टी कशाला, असे आजच्या तरुणाला वाटेल. परंतु रात्रीच्या पावसात पडद्यावरील आकृती आणि डोळ्यांपुढील दिवे यांचा मेळ बसेनासा झाला, तर कोणावर विश्वास ठेवावयाचा हे ठरवण्यास निर्णायक क्षणी एखादे मिनिटही मिळत नाही, आणि त्या वेळी बुद्धीत आधीच कोरलेला नकाशाच उपयोगी पडतो.

हुगळी नदीचे उदाहरण याहून बोलके आहे. सागरमुखापासून कलकत्त्यापर्यंतचा दोनशे किलोमीटरांहून लांब असा तो मार्ग, आणि त्यातील वाळूचे बांध असे की ते आपली जागा बदलतात. १६९४ साली 'रॉयल जेम्स ॲण्ड मेरी' हे जहाज ज्या वाळूत रुतले ती जागा त्या जहाजाच्या नावानेच पुढे कुप्रसिद्ध झाली. तेथील पायलटसेवेत मुलगा शिरे तो खोली मोजणारा उमेदवार म्हणून, आणि मेट, मास्टर, ब्रँच अशा पायऱ्या चढत मोठ्या जहाजांचा अधिकार त्याला मिळेपर्यंत त्याच्या तारुण्याची कित्येक वर्षे त्या पाण्यावरच जात. मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किप्लिंगने १८९५ साली या नदीवर लिहिलेल्या एका कथेचा नायक म्हणजे परवाना नसलेला, वय न भरलेला, पण नदी ओळखणारा एका पायलटाचा मुलगा आहे. ज्ञान आहे पण सनद नाही, अशा माणसाचा प्रश्न त्या काळीही जाणत्यांना सुचत होता, एवढे यावरून दिसते.

तो प्रश्न आपल्या किनाऱ्यालाही नवा नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या लोकांनी खांदेरीवर तटबंदी उभारावयास घेतली तेव्हा इंग्रजांनी आपली मोठी गलबते आणून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या अंधारात, वल्ह्यांच्या बळावर, त्या पहाऱ्यातून वाट काढून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. त्या नावाड्यांजवळ कोणाचेही प्रमाणपत्र नव्हते. त्या पाण्याचे ज्ञान मात्र होते, आणि तोफांपेक्षा ते वरचढ ठरले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की परवान्यांचे अवडंबर व्यर्थ आहे, तर मला तो मान्य नाही. होडी खडकावर गेली तर होडीच फुटते. लक्ष टनांचे तेलवाहू जहाज गेले तर किनारा उद्ध्वस्त होतो. ज्ञान आहे की नाही हे परिणामावरून ठरवण्याची मुभा जेथे परवडत नाही, तेथे ते आधीच तपासून घ्यावे लागते. मध्ययुगीन युरोपातील ओलेराँच्या सागरी नियमांत, अज्ञानाने जहाज बुडवून नुकसान भरून देऊ न शकणाऱ्या पायलटाचा शिरच्छेद करावा अशी तरतूद होती. शिक्षा कठोर होती, पण ती नेहमी अपघातानंतर यावयाची. १५१४ साली आठव्या हेन्रीने डेप्टफर्डच्या नाविकांच्या संघाला जी सनद दिली आणि जिच्यातून ट्रिनिटी हाऊस ही संस्था उदयास आली, तिच्या मुळाशी टेम्सवर अननुभवी तरुण पायलटकी करतात ही तक्रार होती. शिक्षेकडून परीक्षेकडे झालेले हे संक्रमण मला सुधारणेच्या इतिहासातील एक मोठे पाऊल वाटते.

परंतु परीक्षा घेण्याचा अधिकार संघाच्या हाती गेला, की दुसरी एक आपत्ती उद्भवते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मिसिसिपीच्या पायलटांच्या कायद्याने असे ठरवले होते की उमेदवाराने सहा महिने विद्यमान पायलटांच्या हाताखाली शिकावे, मग मंडळाने शिफारस करावी आणि गव्हर्नराने नेमणूक करावी. कागदावर यात गैर काही नाही. पण शिकाऊ म्हणून कोणाला घ्यावयाचे हे विद्यमान पायलटच ठरवीत, आणि ते सामान्यतः आपल्या मुलांना, पुतण्यांना व मित्रांनाच घेत. ज्यांनी किमान पंधरा वर्षे नदीवर व बंदरात अन्य प्रकारच्या जहाजांची पायलटकी केली होती असे लोक दाराशीच अडवले गेले. ते न्यायालयात गेले, आणि १९४७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने, त्यांची फिर्याद नामंजूर केली. बहुमताच्या बाजूने न्यायमूर्ती ब्लॅक यांचे विवेचन असे की पायलटकी हा जोखमीचा, निकटच्या सहवासात शिकावयाचा व्यवसाय आहे. कुटुंबातील परंपरेमुळे त्यात निष्ठा व स्नेह नांदतो आणि त्याने सुरक्षितता वाढते असे विधिमंडळाला वाटले असेल, तर ते सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती रटलेज यांनी भिन्नमत नोंदवताना विचारले ते असे की, अन्य सर्व अटी पूर्ण करणाऱ्या माणसाला केवळ रक्तसंबंध नाही म्हणून दार बंद होत असेल, तर समान संरक्षणाच्या तत्त्वात उरले काय?

बहुमताचा युक्तिवाद मी सहज झटकून टाकू इच्छित नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. बापाच्या शेजारी उभे राहून शिकलेल्या मुलाला पाण्याचे पुष्कळ बारकावे न सांगता कळतात, हे आपल्या कोळीवाड्यांतही प्रत्यही दिसते. परंतु त्या मुलाला खरोखरच अधिक येत असेल तर तो खुल्या परीक्षेत पहिला येईलच. त्याच्यासाठी इतरांना परीक्षेपासून दूर ठेवण्याची गरज नाही. जेथे दूर ठेवले जाते तेथे परवाना ज्ञानाचा दाखला राहत नाही, ती मिरासदारी होते, आणि वतन सांभाळणाऱ्याला किनाऱ्यापेक्षा वतनाची काळजी अधिक वाटू लागते. शिवाय अशा संघात एकाच्या हातून कसूर झाली, तर तिची चौकशी त्याचे मामा-काका करणार. ज्या व्यवस्थेत दोष दाखवणाऱ्याला घरी जाऊन तोंड दाखवावयाचे असते, तिच्यात दोष उघडकीस येत नाहीत.

मिरासदारी रक्ताचीच असते असे नाही. ती वर्णाचीही असू शकते, आणि तिला निःपक्ष वाटणाऱ्या अर्हतेचे वस्त्र सहज पांघरता येते. हुगळीची पायलटसेवा दीर्घकाळ गोऱ्यांच्या हाती राहिली. इतर बंदरांत पायलट व्हावयाचे तर कप्तानाचे प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्र हवे तर जहाजावर अधिकारीपदाची उमेदवारी हवी, आणि परकीय कंपन्यांच्या जहाजांवर हिंदी तरुणाला खलाशाचे काम मिळे, अधिकाऱ्याचे नव्हे. १९१९ साली सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' निघाले, १९२७ साली माझगावच्या समोर 'डफरिन' हे शिक्षणजहाज नांगरले गेले, तेव्हा कोठे त्या साखळीची पहिली कडी आपल्या मुलांच्या हाती आली. नियमाच्या मजकुरात 'हिंदी माणसास मनाई' असे एक अक्षरही नसता सबंध राष्ट्र त्याबाहेर राहू शकते, हे आपण स्वानुभवाने शिकलो आहोत. म्हणून कोणतीही अर्हता ठरवताना ती योग्य आहे की नाही एवढेच पाहून चालत नाही. ती मिळवण्याचा रस्ता कोणाला खुला आहे हेही पाहिले पाहिजे.

संघाकडून अधिकार काढून बंदराच्या व्यवस्थापनाला दिला म्हणजे प्रश्न सुटतो काय? ब्रिटनने १९८७ च्या कायद्याने हेच केले. ट्रिनिटी हाऊसची शतकांची सत्ता संपली आणि पायलटांना अधिकारपत्रे देण्याचे काम प्रत्येक बंदराकडे आले. नऊ वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री, वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या मुखाशी 'सी एम्प्रेस' हे तेलवाहू जहाज पायलट वर असताना खडकावर गेले आणि पुढील काही दिवसांत त्यातून सुमारे ७२,००० टन कच्चे तेल समुद्रात गेले. चौकशीत पायलटाची चूक तर आढळलीच, पण त्या चुकीच्या मागे, एवढ्या मोठ्या तेलवाहू जहाजाच्या मानाने त्याला मिळालेले शिक्षण व अनुभव अपुरे होते हेही आढळले. खटला भरला गेला तो बंदराच्या व्यवस्थापनावर. त्याला चाळीस लक्ष पौंडांचा दंड झाला व अपिलात तो साडेसात लक्षांवर आला. या प्रकरणाचा बोध मला असा वाटतो की पायलट निवडणे, शिकवणे, त्याची परीक्षा घेणे, त्याला पगार देणे आणि जहाजे वेळेवर धक्क्याला लागावीत म्हणून त्याला घाई करणे ही सर्व कामे एकाच दफ्तरात चालली, तर परीक्षकाची लेखणी नकळत व्यापाऱ्याच्या हाती जाते. संघाला आपल्या माणसांचा मोह असतो, बंदराला आपल्या वेळापत्रकाचा. किनाऱ्याचे हित दोघांपैकी कोणाच्याच हिशेबवहीत नसते.

परवान्याच्या मुदतीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ७ नोव्हेंबर २००७ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरात दाट धुक्यात 'कॉस्को बुसान' हे जहाज पुलाच्या खांबाच्या संरक्षककठड्याला घासले आणि सुमारे दोन लक्ष लिटर इंधनतेल पाण्यात सांडले. हजारो पक्षी मेले. जहाजावरील पायलट पंचवीस वर्षांहून अधिक अनुभवाचा होता, त्याचा परवाना चालू होता. परंतु चौकशीअंती असे ठरले की वैद्यांनी दिलेल्या काही औषधांच्या परिणामाने त्याची आकलनशक्ती मंदावली होती, निघण्यापूर्वी कप्तानाशी करावयाची सविस्तर बोलणी त्याने केली नव्हती, कप्तानाने त्याच्या निर्णयांवर पुरेशी देखरेख ठेवली नव्हती, आणि त्याच्या प्रकृतीची माहिती असूनही वैद्यकीय तपासणीच्या यंत्रणेने त्याला थांबवले नव्हते. ज्ञान एकदा मिळवले की ते राहते. ते वापरणारे शरीर मात्र रोज बदलते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००३ च्या ठरावात पायलटांची पात्रता पाच वर्षांहून अधिक अंतर न ठेवता पुन्हा पडताळावी असे सुचवले आहे. ती केवळ शिफारस आहे, बंधन नव्हे. माझ्या मते ती बंधनकारक असावयास हवी. जहाजाच्या कुशीवरून, हलत्या होडीतून पाऊल उचलून, कधीकधी नऊ मीटर दोरशिडी चढावयाची असते, आणि या शिड्यांवरून पडून पायलट प्राणास मुकल्याच्या घटना जगभर अद्याप घडतात. ज्याच्या कामाची सुरुवातच जिवावरच्या चढणीने होते, त्याच्या प्रकृतीची काळजी घेणे ही त्याच्यावरील अविश्वासाची नव्हे, आदराची खूण आहे.

आज या सर्व कठोरपणाविरुद्ध नवा सूर निघत आहे. उपग्रहांनी जागा मीटरांपर्यंत कळते, किनाऱ्यावर बसून पडद्यावरून जहाजाला मार्ग सांगता येईल, वारंवार येणाऱ्या कप्तानांना पायलटाच्या सक्तीतून सूट द्यावी, आणि अनुभवी कप्तान या नोकरीकडे वळत नसतील तर अर्हता खाली आणावी, असे सांगितले जाते. सूट देण्यास माझा तात्त्विक विरोध नाही. जो कप्तान तेच जहाज घेऊन त्याच बंदरात वर्षभर ये-जा करतो त्याला त्या पाण्याचे ज्ञान होऊ शकते. मात्र त्याने ते त्याच परीक्षकांपुढे, तितक्याच कसोशीने सिद्ध करावे, आणि सूट त्या जहाजापुरती असावी. प्रवेशाची अट शिथिल करण्याबाबतही मी आडमुठेपणा करणार नाही. परदेशगामी कप्तानाऐवजी पहिल्या मेटचे प्रमाणपत्र असलेला हुशार तरुण घेतला तर चालेल. पण मग बंदरातील त्याची उमेदवारी महिन्यांची न ठेवता वर्षांची करावी, आणि लहान जहाजापासून मोठ्याकडे नेणारा प्रत्येक टप्पा वेगळ्या परीक्षेने बांधावा. समुद्रावरील अर्हता कमी करावयाची आणि पाण्यावरील उमेदवारीही कमी करावयाची, ही दुहेरी काटछाट मात्र कोणत्याही टंचाईच्या नावाखाली होता कामा नये. किनाऱ्यावरून मार्ग सांगण्याची कल्पना तर मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण तिच्यात यंत्रदोषाचा धोका आहेच, शिवाय परक्या खलाशांच्या चेहऱ्यावरील गोंधळ, सुकाणूवाल्याचा चुकीचा प्रतिसाद, इंजिनाचा बदललेला आवाज, या ज्या गोष्टी पायलट जहाजाच्या ब्रिजवर उभा राहून टिपतो, त्या पडद्यावर येत नाहीत.

आपल्याकडे मोठ्या बंदरांच्या विनियमांप्रमाणे परीक्षामंडळात सामान्यतः त्याच बंदराचे डेप्युटी कॉन्झर्व्हेटर व हार्बरमास्टर असतात आणि त्यांच्या जोडीला एखादा जाणता कप्तान बसतो. मला हे प्रमाण उलटे हवे आहे. बहुमत बाहेरच्यांचे असावे. त्यांची नेमणूक बंदराने न करता नौवहन महासंचालनालयाने करावी. उमेदवारांसाठीची जाहिरात व परीक्षेचा निकाल सर्वांना पाहता येईल असा प्रसिद्ध व्हावा. आणि मंडळावर एक जागा त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेने सुचवलेल्या अनुभवी नाखव्याला द्यावी. शेवटच्या सूचनेवर असा आक्षेप येईल की नाखव्याला तीनशे मीटरांच्या जहाजाचे तंत्र काय समजणार. तंत्राचे प्रश्न विचारावयास कप्तान आहेतच. श्रावणात जाळी कोठे पडलेली असतात, ओहोटी कोणत्या वळणावर आडवी ओढते, गेल्या पावसाळ्यात गाळ कोठे सरकला, हे प्रश्न कप्तानाला सुचणार नाहीत; नाखव्याला सुचतील, आणि उमेदवाराला त्यांची उत्तरे देता आली नाहीत, तर त्याने आणखी एक पावसाळा शिकाऊ म्हणून काढावा.